माणिकबागेतल्या लाल खुर्च्या

इंदूरमध्ये माणिकबाग म्हटलं की सगळ्यांना ब्रिज आठवतो आणि संध्याकाळचा ट्रॅफिक. होळकरांचं घर कुणालाच आठवत नाही. मी मागच्या महिन्यात एका क्लायंटच्या जीएसटीच्या कामाला तिथे गेले होते, कारण आता तिथे सेंट्रल जीएसटीचं ऑफिस आहे, आणि फाइल देऊन झाली तरी माझा पाय काही निघेना.

इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांनी १९३० मध्ये हे घर बांधायला घेतलं तेव्हा ते जेमतेम २२ वर्षांचे, आणि आर्किटेक्ट एकार्ट मुथेसियस, जर्मन, तोही २६चाच. ऑक्सफर्डला ओळख झालेली दोन तरुण मुलं. महाराजांच्या वडिलांच्या लालबाग राजवाड्यात नुसती नक्षी, सोनेरी काम, झुंबरं आणि इथे एकदम साध्या सरळ भिंती, काच, स्टील! खिडक्यांपासून फर्निचरपर्यंत कितीतरी सामान जर्मनीहून जहाजाने आलं. वाचायला लाल खुर्च्या होत्या, त्यांच्यातच दिवे बसवलेले. मला तर हे राजवाड्यापेक्षा नव्या जोडप्याने हौसेने सजवलेलं घरच वाटतं.

महाराणी संयोगिताबाई कागलच्या घाटग्यांच्या. माझी आजी कोल्हापूरची, त्यामुळे ती त्यांना अजून "आमची कागलची लेक" म्हणते, जशी काही शेजारचीच. १९३७ मध्ये स्वित्झर्लंडला त्या वारल्या, पंचविशीसुद्धा गाठली नव्हती हो. महाराजांना इंदूरला ध्यानासाठी एक मंदिर बांधायचं होतं, त्यासाठी ब्रांकुसी या शिल्पकाराकडून पक्ष्याची तीन शिल्पं घेतलेली, एक ब्राँझचं, एक पांढऱ्या आणि एक काळ्या संगमरवराचं, तो स्वतः इंदूरला येऊनही गेला, पण मंदिर झालंच नाही. संगमरवरी दोन्ही पक्षी आता ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या म्युझियममध्ये आहेत. आणि फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोला लिलावात गेलं. २०१९ मध्ये पॅरिसला या घराचं मोठं प्रदर्शन भरलं, लोक तिकीट काढून बघायला गेले, आणि आपल्या इंदूरच्या पोरांना माहीतही नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

घरी येऊन आजीला फोनवर त्या खुर्च्यांचे फोटो दाखवले. तिने चष्मा लावून, मोठे करून करून बघितले.

"दिवा खुर्चीतच आहे होय गं? म्हणजे दुसऱ्याची झोप न मोडता वाचता येत असेल."