कंपनीचा गूळ

"मामा, खायचा देऊ काय कंपनीचा?"

बेळगावच्या रविवार पेठेतला दुकानदार मान वर न करता विचारत होता. दुपारचे दोन वाजले होते. श्रावण चाललेला, घरी कडबू व्हायचे होते आणि डब्यातला गूळ संपला होता. मी "खायचा" म्हणालो खरा, पण जरा थांबूनच. त्यानं मला कशावरून ओळखलं? मग पायांकडे लक्ष गेलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी मी सेफ्टी शूजच घालतो. फाटतच नाहीत, काय करणार!

ज्यांनी फौंड्रीत, लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, दिवस काढलेत त्यांना कंपनीचा गूळ काय ते सांगायला नको. काळपट, चिकट, पोत्याचा एखादा धागा चिकटलेला. महिन्याला एक किलो गूळ आणि दोन साबण. धुळीच्या खात्याला गूळ द्यायचा, म्हणजे छातीतली वाळू उतरते अशी समजूत. समजूत अगदीच पोकळ नसावी. १९९४ साली लखनौच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून गुळानं फुप्फुसातली धूळ निघायला मदत होते असं मांडलं होतं. उंदरांना ३१ वर्षं तीन पाळ्या करायच्या नव्हत्या, एवढाच फरक.

पहिली तीन वर्षं मी टेंपररी होतो. २४० दिवस भरले की कामगाराला कायद्याचं संरक्षण मिळतं, म्हणून त्याच्या आत ब्रेक द्यायचा, पुन्हा नवीन म्हणून घ्यायचं. टेंपररीला गूळ अर्धा किलो. धूळ मात्र पूर्ण.

तो अर्धा किलो घेऊन पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा आईनं देवापुढं ठेवला. मग चिमूटभर तोंडात टाकला आणि म्हणाली, "ह्यो म्हशीला घाल." वास्तविक आमच्या घराला गुळाची किंमत कळायची. मामाचं गुऱ्हाळ होतं. थंडीत शाळा बुडवून मी तिथंच असायचो. चुलवाणात चिपाडं सारणारा जळव्या, त्याच्या अंगाला कायम धुराचा वास. काहिलीत रस उकळायला लागला की भेंडीच्या झाडाचं चेचलेलं पाणी ओतायचे, की मळी वर यायची. ती झाऱ्यानं काढून टाकायची. सगळ्यांची नजर गुळव्याकडे. तो कुणाशी बोलत नसे. बुडबुडे बघायचा, वास घ्यायचा, मधेच थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळायचा. गोळी भांड्यावर आपटून टण्ण वाजली की हात वर करायचा. मग एकच धांदल. काहील उतरवायची, वाफ्यात ओतायची, घोटायची, साच्यात भरायची. गार झाल्यावर साचा उपडा केला की ढेप सुटायची. आम्हा पोरांना काकवी मिळायची, ती हाताच्या कोपरापर्यंत ओघळायची.

कंपनीत लागल्यावर पहिल्या दिवशी सुपरवायझरनं फर्नेसवर नेलं. लोखंड १४०० अंशाला पोचलेलं, बघवत नव्हतं. एकजण लांब दांड्याच्या झाऱ्यानं वरची स्लॅग, म्हणजे लोखंडाची मळी, काढत होता. दुसऱ्यानं थोडा रस घेऊन पाचरीसारख्या छोट्या साच्यात ओतला, गार केला, हातोडीनं फोडला आणि तुटलेल्या कडेची पांढरी रेघ किती खोल गेलीय ते बघितलं. मग हात वर केला. मी म्हटलं, अरे, हा तर गुळव्या! मोठ्यानंच म्हटलं असावं, कारण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मला फर्नेसवर कुणी नावानं हाक मारली नाही. गुळव्याच म्हणायचे. कानडी पोरंसुद्धा. "गुळव्या, ऊटा आतेनरी?" म्हणजे, जेवण झालं काय?

नाव नव्हतंच तसं तिथं कुणाला. टोकन नंबर होता. लग्न ठरवताना सासऱ्यांनी विचारलं, मुलगा काय करतो? "कंपनीत आहे." झालं. कुठली कंपनी, काय बनवते, कुणी विचारलं नाही. यमनापूरला इंडालच्या ॲल्युमिनियम कारखान्यात असलेल्याला थोडा भाव जास्त, घटप्रभेच्या धबधब्याजवळच्या गोकाक मिलमध्ये, सुताच्या गिरणीत, आजोबा-बाप-नातू असे तिघे राबलेल्या घराला वेगळा मान. बाकी आम्ही सगळे कंपनीतले. आमच्या शिफ्टमध्ये शिनोळीकडून येणारा एकजण होता, तो रोज महाराष्ट्रातून कर्नाटकात यायचा आणि परत महाराष्ट्रात झोपायला जायचा. त्याला कुणी सीमाप्रश्नाबद्दल विचारलं की म्हणायचा, "माझ्या सायकलला विचारा." १ नोव्हेंबरची पगारी सुट्टी सगळ्यांनाच. कुणी कर्नाटकाच्या राज्योत्सवाला, कुणी सीमाभागातल्या मराठी लोकांच्या निषेधाच्या, काळ्या दिनाच्या फेरीला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला दोघंही एकाच डब्यातलं लोणचं खायचे आणि दिवाळीच्या तोंडावर कायद्यानं ठरलेल्या किमान ८.३३ टक्क्यांच्या वर बोनस किती मिळणार यावर एकमेकांना शिव्या घालायचे.

मी ३१ वर्षं गिअरबॉक्सच्या हौसिंगवर, म्हणजे तिच्या बाहेरच्या कवचावर, काढली. आख्खी गिअरबॉक्स एकदाही बघितली नाही. आमचं कास्टिंग ट्रकात भरून जायचं, पुढं कोण त्याला काय जोडतं ते आमच्या खात्यात कुणाला पडलेलं नव्हतं. हायवेवर हत्तरगीच्या टोलला गाडी थांबली की अजून शेजारच्या ट्रकाच्या पोटाखाली वाकून बघतो. बायको म्हणते, लोकांना वाटेल काहीतरी पडलंय.

पुढं कंपनीनं गूळ बंद केला. कुठल्याशा ऑडिटमध्ये वजनात घट सापडली म्हणे. त्याऐवजी पगाराच्या स्लिपवर 'इतर' नावाची एक ओळ आली. दोन महिने आम्ही कुरकुरलो. खरं तर खाणारे थोडेच होते, बहुतेकांच्या घरी तो म्हशीच्याच पोटात जायचा. पण महिन्याच्या सात तारखेला सायकलच्या हँडलला ती कागदी पुडी लटकवून गल्लीत शिरायचं, हे गेलं.

नियमानं खाणारा मला एकच आठवतो. फेटलिंगला होता, म्हणजे ओतलेल्या मालाच्या कडा घासायला, ग्राइंडरसमोर. नाकाला रुमाल, गालात गुळाचा खडा, आठ तास. घरी नेलेला किलोभर तो एकटाच संपवायचा. आता त्याला धाप लागते. घराच्या सात पायऱ्या चढताना दोनदा बसतो. टीबी म्हणून दोनदा औषधं झाली, टीबी नव्हता. गेल्या वर्षी भेटायला गेलो तेव्हाही गालात खडा होताच. बोलताना तो एका बाजूचा दुसऱ्या बाजूला सरकवत होता. मी काय बोलणार? बैलांच्या शर्यतीबद्दल बोललो आणि उठलो.

घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली. हिनं गुळाचा रवा, म्हणजे छोटी ढेप, बाहेर काढला, बत्त्यानं एक कोपरा फोडला, उजेडात धरून कणी बघितली, जिभेला लावला.

"खारट आहे. अहो, घेताना फोडून बघितलासा काय?"

नव्हता बघितला.