केबल उपसली आणि मिंट गेलं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं पॅटर्न शॉप आहे. फौंड्रीवाल्यांना लागणारे लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने, करून देतो. पूर्वी सगळं हातावर होतं, आता बरंचसं काम सीएनसी राउटरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं लाकूड कोरणाऱ्या मशीनवर. राउटर लिनक्ससीएनसी या सॉफ्टवेअरवर चालतो आणि दुकानात कॉम्प्युटर एकच. दिवसा त्याच्यावर मशीन, संध्याकाळी डिझाइन आणि जीएसटीची बिलं, आणि मामा घरी गेले की थोडं यूट्यूब.

घोळ तिथंच झाला. आमच्या राउटरच्या मोटारींना पल्स (विजेचे इशारे) कॉम्प्युटरच पॅरलल पोर्टमधून (जुन्या प्रिंटरच्या सॉकेटमधून) देतो. पल्सला उशीर झाला की मोटर स्टेप चुकते. हा उशीर मोजायला लिनक्ससीएनसीत लेटन्सी टेस्ट आहे. आकडा १५-२० हजार नॅनोसेकंदांच्या आत असला तर झकास, लाखाच्या वर गेला तर तो कॉम्प्युटर या कामाचा नाही. माझा १८ हजार यायचा. डिझाइन जरा भराभर फिरावं म्हणून मी ग्राफिक्स कार्डचा वेगळा ड्रायव्हर टाकला आणि टेस्ट करायचं विसरलो. पंपाच्या केसिंगचा पॅटर्न दीड मिलिमीटर सरकून कापला गेला. नंतर टेस्ट लावली तर आकडा लाखाच्या पुढं! लाकूड सागवान होतं. मामा काही बोलले नाहीत, नुसता तो तुकडा उचलून माझ्या टेबलावर ठेवला.

मग ठरवलं, मशीनचं डेबियन (लिनक्ससीएनसी जिच्यावर चालतं ती लिनक्स सिस्टिम) वेगळं आणि माझे उद्योग वेगळे. ड्रायव्हर काढून टाकला. डेबियन जुन्या २४० जीबीच्या एसएसडीवर होतं, ते तिथंच ठेवलं. ५०० जीबीची नवी एसएसडी आणून तिच्यावर लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टिम टाकायला घेतली. एकाच ड्राईव्हवर दोन्ही बसली असती, पण ड्राईव्ह मेला की दोन्ही कामं बंद. तेच मला नको होतं.

इन्स्टॉल करताना पार्टिशन स्वतः पाडायचा पर्याय घेतला. नव्या एसएसडीवर ५१२ एमबीचं ईएफआय पार्टिशन (सिस्टिम सुरू करणाऱ्या फायलींची जागा) केलं, उरलेलं लिनक्सच्या फायलींसाठी ईएक्सटी४. बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) कुठं टाकायचा हे विचारतात, तिथंही नवीच एसएसडी निवडली. वीसेक मिनिटांत काम झालं. मिंट सुरू झालं, चहा झाला, आणि सहज परीक्षा म्हणून कॉम्प्युटर बंद करून जुन्या एसएसडीची केबल उपसली.

काळी स्क्रीन. बूट करण्यासारखं काहीच सापडत नाही म्हणे.

कारण शोधायला संध्याकाळ गेली. यूईएफआय (नव्या पद्धतीनं सुरू होणाऱ्या) मशीनवर हा इन्स्टॉलर आपण बूटलोडरसाठी कुठलाही ड्राईव्ह निवडला तरी सापडेल ते पहिलं ईएफआय पार्टिशन पकडतो. ते होतं जुन्या एसएसडीवर. म्हणजे मिंट नव्या घरात आणि किल्ली जुन्या घरात. इन्स्टॉलच्या आधीच जुनी केबल काढून ठेवली असती तर हे झालंच नसतं. हे मला नंतर सुचलं, नेहमीप्रमाणे.

दुरुस्ती मात्र सोपी निघाली. केबल परत लावून मिंट उघडलं. एफस्टॅब फाइलमध्ये (सुरू होताना कुठली पार्टिशनं जोडायची त्याच्या यादीत) ईएफआयच्या ओळीत जुन्या पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, होता. हा फॅट३२ प्रकारच्या पार्टिशनचा, म्हणून आखूड असतो, चार-चार अक्षरांचे दोन तुकडे. त्या जागी नव्याचा लिहिला, जुनं पार्टिशन अनमाउंट करून नवं माउंट केलं, आणि ग्रब या बूटलोडरच्या ग्रब-इन्स्टॉल व अपडेट-ग्रब या कमांड चालवल्या. मग जुन्या पार्टिशनवरचं मिंटचं फोल्डर काढायला गेलो, तर मिंट नावाचं काही सापडेचना. ते उबंटू नावानं असतं. त्यामुळं कुणी उबंटू आणि मिंट एकाच ईएफआय पार्टिशनवर बसवत असेल तर जपून, एक दुसऱ्यावर लिहून मोकळं होतं.

बूटचा क्रम ईएफआयबूटमॅनेजरनं बदलून डेबियन पहिलं ठेवलं. मामांनी बटण दाबलं की मशीनच यायला पाहिजे. मला मिंट हवं असेल तर सुरू होताना एफ११ दाबतो (ही की बोर्डाबोर्डावर वेगळी असते). डेबियनच्या ग्रब मेनूतच मिंट दिसेल अशी सोय दुसऱ्या सिस्टिम शोधणाऱ्या ओएस-प्रोबरनं होते, पण ग्रब २.०६ पासून ते मुळात बंद असतं आणि मी बंदच ठेवलं. नाहीतर मिंटचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) बदलला की डेबियनमध्ये जाऊन मेनू परत बनवा. ज्याला हात लावायचा नाही म्हणून एवढा खटाटोप, त्याला दर महिन्याला हात कशाला लावायचा?

एक काम राहिलं होतं. जी-कोड (मशीनला कापायच्या सूचना) मिंटमध्ये बनतो आणि मशीन डेबियनवर, म्हणून नव्या एसएसडीचं पार्टिशन डेबियनमध्येही माउंट केलं होतं. दोन्हीकडं युजरचा नंबर १००० असल्यानं परवानग्यांची कटकट झाली नाही. आता उलटी परीक्षा, नव्या एसएसडीची केबल काढली. या वेळी मामा शेजारी उभे.

"भाऊ, ह्यो नुसता सेकंद मोजत बसलाय बघा की."

सिस्टिम हरवलेल्या पार्टिशनची दीड मिनिट वाट बघत होती. ती संपल्यावर इमर्जन्सी मोड आणि रूटचा (मुख्य युजरचा) पासवर्ड. एफस्टॅबमध्ये त्या ओळीला नोफेल (पार्टिशन नसलं तरी अडू नको) हा एक शब्द जोडला आणि परत चालू केलं. डेबियन न थांबता वर आलं. लेटन्सी १७ हजार. दुसऱ्या दिवशी केसिंग नव्या लाकडात कापलं, मामांनी व्हर्नियर लावून तीन ठिकाणी मोजलं आणि मान हलवली.

एफ११ वर त्यांनी पॅकिंग टेप चिकटवलाय. संध्याकाळी मी तो काढतो, सकाळी परत लागलेला असतो.