कोनाची कॉफी आणि आजीचं सोवळं

१४ फेब्रुवारी, रात्री

पाय सुजलेत. गुडघ्याला तेल लावून बसले आहे, झोप येत नाही. लेक-जावई नातीला घेऊन खाली किनाऱ्यावर गेलेत. आज इथे हवाईत घरोघरी गुलाब आणि चॉकलेटं. मला मात्र सकाळपासून तो इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकच आठवतोय. १७७९ साली याच तारखेला तो इथून जवळच, केआलाकेकुआच्या उपसागरात मारला गेला. त्याची एक होडी चोरीला गेली, तर गड्याने थेट तिथल्या म्हाताऱ्या राजाला ओलीस न्यायचा घाट घातला. लोकांनी पाण्याच्या काठावरच त्याला गाठलं. १८७४ साली उभारलेला त्याचा पांढरा स्तंभ समोरच्या तीरावर आहे. तिथे होडीने जायचं, नाहीतर उभा डोंगर उतरायचा. माझे गुडघे दोन्हीला नाही म्हणाले. अलीकडून दुर्बिणीतून पाहिला, झालं.

हवाई बेटाची ही पश्चिम बाजू म्हणजे कोना. वाऱ्याच्या आडोशाची. खाली समुद्राशी काळाकुट्ट लाव्हा, भट्टीतून काढून टाकलेल्या कोळशासारखा, आणि गाडी वर चढू लागली की पंधरा मिनिटांत हिरवंगार. सकाळी लख्ख ऊन, दुपारी डोंगरावरून ढग उतरतात आणि कॉफीवर सावली धरतात. सध्या झाडं फुलली आहेत. फांद्यांना पांढरी फुलं चिकटून बसलेली, वास थेट मोगऱ्याच्या जवळचा. इथले लोक याला कोनाचा बर्फ म्हणतात. मला आपलं वाटलं, कुणी फांदीला गजरे गुंडाळलेत.

कॉफी इथे १८२८ साली एका मिशनऱ्याने आणली. पण ती वाढवली, टिकवली ती जपानी कुटुंबांनी. काल त्यांच्यातल्याच एका कुटुंबाचं जुनं घर पाहिलं. आता त्याचं संग्रहालय केलं आहे. लाकडी घर, बाहेर न्हाणीघर, चूल. १८९९मध्ये जगभर कॉफीचे भाव कोसळले, तेव्हा मोठ्या मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे करून या लोकांना खंडाने दिले. त्यातले बरेचजण साखरेच्या मळ्यांवरचा करार मोडून पळालेले. इथे येऊन नावं बदलून राहिले म्हणे. कोना तशी जुनीच लपायची जागा. पण त्याबद्दल पुढे लिहीन.

त्या घरात मला सगळ्यात आवडलं ते वाळवणाचं छप्पर. त्याला होशिदाना म्हणतात. लाकडी माळ्यावर कॉफीचे दाणे पसरायचे आणि पाऊस आला की रुळांवरचं अख्खं छप्पर ढकलत आणून झाकायचं. बघितल्याबरोबर मी लेकीला म्हटलं, "अगं, हे आमच्याकडे असतं तर?" वळवाच्या सरी आल्या की गच्चीवरच्या कुरडया गोळा करायला आम्ही चौघी बहिणी कशा धावायचो! एकीच्या हातात चादर, दुसरीच्या हातात परात, आणि खालून आजीचा ओरडा: "पारोशानं हात लावू नका!" कुरडया भिजल्या तरी चालतील, सोवळं भिजता कामा नये. कॉफीच्या तोडणीसाठी इथल्या शाळांची मोठी सुट्टीच उन्हाळ्यातून काढून ऑगस्ट ते नोव्हेंबर केली होती. १९३२ ते १९६९. आमच्या गावी भुईमूग काढणीला निम्मा वर्ग गायब व्हायचा, पण मास्तरांनी सुट्टी कधी दिली नाही. छड्या दिल्या.

आजी डोक्यात शिरली ती अशी. आज दिवसभर उतरली नाही.

सकाळी होनाउनाऊला गेलो. तिथे जुनं शरणस्थान आहे. समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोक, आणि दगडांवर दगड रचून उभारलेली, चुना-माती काही नसलेली भलीमोठी भिंत. पूर्वी कापू मोडला, म्हणजे नेम मोडला, की शिक्षा मरणाची. बाईने पुरुषांबरोबर जेवायचं नाही. केळं खायचं नाही, डुकराचं मांस नाही, नारळ नाही. सरदाराच्या सावलीवर पाय पडला तरी अपराध. पण पळत, पोहत या भिंतीच्या आत पोचलात की सुटलात. पुजारी शुद्ध करून घ्यायचा आणि माणूस घरी परतायचा. मी त्या खडकांवर बसून समोरची खाडी बघत होते. पोहून यायचं म्हणजे केवढं अंतर! कासवं मात्र निवांत वाळूत पडली होती.

आमच्याकडे अशी भिंत नव्हती. शिवाशिव झाली की आंघोळ, महिन्याचे चार दिवस कोपरा, आणि बायकांची पंगत शेवटी, उरलंसुरलं आमटी-भाताची. मी मनातल्या मनात आजीवर चिडायची सगळी तयारी केली होती.

पण दुपारी किनाऱ्याचा रस्ता संपतो तिथे गेलो, लेकेलेकेला. काळ्या लाव्ह्यात दगडांच्या राशी आहेत. थडगी आहेत ती. मे १८१९मध्ये कामेहामेहा राजा इथल्याच कैलुआ गावी वारला. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत त्याची राणी काआहुमानू आणि त्याच्या गादीवर आलेल्या तरुण राजाची आई केओपुओलानी या दोघींनी मिळून पोराला बायकांच्या पंगतीत बसवून जेववलं. संपला कापू, एका जेवणात! मिशनरी अजून पोचलेही नव्हते, ते आले पुढच्या वर्षी. राजाच्या चुलतभावाला, केकुआओकालानीला, हे मानवलं नाही. युद्धदेवतेची राखण त्याच्याकडे होती. डिसेंबरात लढाई झाली, बंदुका दोन्हीकडे होत्या. तो पडला, आणि त्याच्या शेजारी लढता लढता त्याची बायको मनोनो पडली.

म्हणजे जो नियम तिला केळं खाऊ देत नव्हता, त्याच्यासाठी ती मेली. की नवऱ्यासाठी? लेक म्हणाली, "आई, ब्रेनवॉश." एका शब्दात निकाल. मला तसा लावता येईना. आजीने ज्या दिवशी आईला पहिल्यांदा आपल्याबरोबर जेवायला बसवलं, तो मला लख्ख आठवतो. आजोबांचा तेरावा होऊन गेला होता. काही बोलली नाही, फक्त पाट मांडला. तोवर तिनेच आम्हाला सोवळ्याच्या नावाखाली पळवलं होतं आणि तिलाच कुणी कधी विचारलं नव्हतं. तिच्यात मनोनो किती होती आणि काआहुमानू किती, हे मला पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरही सांगता येत नाही.

ऊन फार होतं. नात पाण्यासाठी रडू लागली, निघालो.

येताना कॉफी घेतली. दुकानदार बाईने पाकीट नीट वाचून घ्यायला सांगितलं. "कोना ब्लेंड" लिहिलेल्यात कोनाची कॉफी १० टक्केच असली तरी कायद्याला चालत आलंय. २०२४ साली कायदा बदलला, २०२७पासून ५१ टक्के लागणार. बाकीच्या ९० टक्क्यांचं नाव काय, हे पाकिटावर शोधत बसले तर जावई हसायला लागले. शंभर टक्केवाली दोन पाकिटं घेतली. एक सांगलीला वहिनीला.

संध्याकाळी जावयांनी घड्याळ लावून, पाणी मोजून, दूध-साखरेशिवाय कप हातात दिला. छान होती, खोटं कशाला बोलू. पण आजीची एकादशीची कॉफी वेगळी. पितळी पातेल्यात दूध उकळून, वर जायफळ किसून. तेवढी तिच्या उपासाला चालायची. इथल्या स्वयंपाकघरातले सगळे डबे पालथे घातले, जायफळ नाही. उद्या बाजारात बघते. जावयांना आधी सांगायचं नाही.