तुम्ही विचारलंत म्हणून: उन्हाची वीज कोणाला नकोय?

"फुकटची वीज कोणाला नको असते? त्यात पीएचडी कसली करायची?" बडोद्यात, दांडिया बाजारातल्या कुठल्याही लग्नात पंगतीला बसलं की हा प्रश्न ठरलेला. विचारणारे बहुतेक कोणीतरी काका, आणि मठ्ठा येईपर्यंत उत्तर आटपायचं असतं. इथे जरा ऐसपैस सांगते.

माझा विषय म्हणजे लोकांनी मिळून उभारलेली सौर आणि पवन ऊर्जा, आणि लोक तिला हो का म्हणतात, नाही का म्हणतात. काकांसारखंच मीही धरून चालले होते की नको कोणालाच नसते. पहिल्या वर्षी प्रश्नावली छापली आणि सुरुवात आमच्याच बिल्डिंगपासून केली. सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवावं का? बाराच्या बारा घरांनी 'हो'वर खूण केली. दोन महिन्यांनी लिफ्ट आणि पाण्याच्या मोटरसाठी १० किलोवॅटचा प्रस्ताव मीटिंगमध्ये आला आणि ७ विरुद्ध ५ मतांनी पडला. माणसं तीच. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "चला, आता तुझा अभ्यास सुरू झाला."

पैशाची अडचण नव्हती. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर या गच्चीवरच्या सोलरसाठीच्या योजनेत सोसायट्यांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये सबसिडी आहे. अडचण जागेची होती. १० किलोवॅटला साधारण हजार चौरस फूट लागतात, तेही सावली न पडणारे. आमच्या गच्चीवर अशी जागा एकच, टाकीच्या दक्षिणेची. उन्हाळ्यात तिथेच खाटांवर कुरडया वाळतात आणि १४ जानेवारीला तिथूनच पतंग चढतात. बडोद्यात उत्तरायणाला गच्ची मागणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही.

कोणी म्हणालं, स्टँड उंच करू, खाली जागा मोकळीच राहील. तळमजल्यावरच्या मावशी उठल्या. "सावलीत कुरडया वाळतात का रे? आणि बिल कमी होणार लिफ्टचं. मी लिफ्टमध्ये चढते कधी?"

वॉकर आणि डिव्हाइन-राइट या ब्रिटिश अभ्यासकांनी २००८ साली लिहिलं की सामूहिक ऊर्जा म्हणवणारा प्रकल्प दोन गोष्टींवर तपासावा: तो चालवतंय कोण आणि फायदा जातोय कोणाकडे. तो निबंध मी चार वेळा वाचला होता. मावशींनी एकदाही नाही. माझ्या प्रश्नावलीत मात्र दोन्हींपैकी एकही प्रश्न नव्हता.

कोपनहेगनसमोरच्या समुद्रात मिडेलग्रुंडेन नावाच्या पवनचक्क्या २००० सालापासून फिरतायत. आधी बेत २७ चक्क्यांचा होता, तीन रांगांत. लोकांच्या हरकती ऐकल्यावर २० राहिल्या, एकाच वळणदार ओळीत. निम्म्यांची मालकी साडेआठ हजारांवर सभासदांच्या सहकारी संस्थेकडे आहे. स्वतःचा शेअर असला की चक्की डोळ्यांत तितकीशी खुपत नसावी.

"ते डेन्मार्क झालं," असं काका म्हणणारच. मग खेडा जिल्ह्यातलं ढूंडी घ्या, इथून फार लांब नाही. २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. पंपाला लागून उरलेली वीज मध्य गुजरात वीज कंपनीने युनिटमागे ४ रुपये ६३ पैशांनी घ्यायची, असा करार झाला. ही कंपनी आपल्या बडोद्यातलीच. मला यात आवडतं ते वेगळंच. सौर पंप फुकट चालतो, म्हणून माणूस पाणी उपसतच राहील, ही भीती असते. वीज विकली जायला लागली की पंप बंद ठेवण्यातही कमाई आहे.

आणि सहकाराचं बडोद्याला कोणी शिकवायला नको. देशातली पहिली सहकारी पतसंस्था मानली जाते ती अन्योन्य सहकारी मंडळी इथेच, १८८९ साली, विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकाराने निघाली. अर्थात, याच शहरात आमची बारा घरं एका टाकीभोवती अडून बसली आहेत.

आता नवा प्रस्ताव ७ किलोवॅटचा आहे. पूर्वेकडची पट्टी मोकळी, आणि वाचलेले पैसे सगळ्यांच्या मेंटेनन्समधून सारखे वजा. मतदान उत्तरायणानंतर. मावशींनी परवाच टेप घेऊन पट्टी मोजली. दोन खाटा बसतात, मधून जायला वाट राहत नाही. अजून दीड फूट हवंय म्हणतात.