सव्वा सात रत्ती, पण कोणती?

सिल्लोडकडच्या एका काकांनी विहिरीच्या सुरुंगात निघालेला गारगोटीचा गोळा माझ्याकडे पैलू पाडायला आणला. आत जांभळे टोकदार स्फटिक, म्हणजे अ‍ॅमेथिस्ट. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तो सापडतो, पण बहुधा फिका. यातलं एक टोक मात्र चांगलं गडद होतं. मुलाला शनीसाठी अंगठी करायची होती.

"भाऊ, महाराजांनी सव्वा सात रत्ती सांगितलंय. वजन कमी नका करू."

कोणती रत्ती, ते महाराजांनी सांगितलं नव्हतं. सोनाराची रत्ती १२१.५ मिलिग्रॅमची, खड्यांच्या बाजारातली पक्की रत्ती साधारण १८२ ची. कॅरेट २०० मिलिग्रॅमचा, म्हणजे एका हिशोबाने ४.४ कॅरेट, दुसऱ्याने ६.६. खडे सुचवणारे एवढं तरी विचारून का घेत नाहीत, कळत नाही.

खडा ग्लिसरिनमध्ये बुडवला. त्यात पृष्ठभागाची चमक मरते आणि आतलं दिसतं. रंग टोकापासून जेमतेम पाच मिलिमीटर, पुढे पांढरं. शिवाय कडेने एक केसासारखी भेग आत गेलेली. जिलेटिनच्या हादऱ्याने असं होतं. बाहेरून दगड धडधाकट वाटतो. भेग ठेवली तर साडेबारा मिलिमीटरचा गोल खडा, म्हणजे पक्की रत्तीही भरली असती. पण सोनाराने अंगठीची नखं दाबली की खडा तिथेच तडकणार. भेग काढायची ठरवली आणि व्यास ११ वर आला.

अशा दगडाला घासताना धरायच्या दांडीवर लाखेने चिकटवू नये. लाख धरायला दगड गरम करावा लागतो आणि भेग पुढे सरकते. इपॉक्सी लावून रात्रभर ठेवला. गडद टोक मुद्दाम खाली, पोटाच्या (खड्याच्या खालच्या निमुळत्या भागाच्या) अणीला घेतलं. प्रकाश तिथून उलटून वर येतो, त्यामुळे पाच मिलिमीटरचा रंग अख्ख्या खड्यात पसरतो. तोच रंग कडेला राहिला तर नुसता डाग दिसतो.

पोटाचे मुख्य पैलू ४३ अंशांवर. या दगडाचा क्रांतिक कोन, म्हणजे ज्याच्या पुढे प्रकाश आतूनच उलटतो तो, सुमारे ४०.५ अंश, पोट त्याहून उथळ केलं की प्रकाश आरपार जातो, मधे खिडकी पडते आणि खड्याखालचं वर्तमानपत्र वाचता येतं. राशीच्या खड्यांत असे कितीतरी विकले जातात. वजन भरतं, गिऱ्हाईक खूश.

जाड कणांची चकती टाळली, तिने नव्या बारीक भेगा खोल जातात. ६०० नंबरच्या चकतीपासून सुरुवात, मग आणखी बारीक १२००, ३०००. शेवटी अ‍ॅक्रिलिकच्या चकतीवर पाण्यात कालवलेलं सेरियम ऑक्साइड. इथे अ‍ॅमेथिस्ट छळतो. त्याच्या जुळ्या थरांमुळे एकाच पैलूवर ओरखडे उठत राहतात. पावडर बदलून उपयोग नाही, चकती उलटी फिरवायची. पेस्ट जास्त ओली झाली तर पैलूंच्या कडा गोल होतात, कोरडी पडली तर पुन्हा ओरखडे.

"जयपूरला पाठवलं असतं तर मोठा निघाला असता का?" काकांनी विचारलंच. पहिल्या शतकातल्या ग्रीक नोंदीत पैठणहून भडोचला जाणाऱ्या सुलेमानी दगडांचा उल्लेख आहे, आणि आज मराठवाड्यातल्या माणसाला पैलू म्हटलं की जयपूरच आठवतं. निघालाही असता मोठा, भेगेसकट.

काट्यावर ४.४५ कॅरेट भरला. सोनाराच्या रत्तीने सव्वा सातच्या किंचित वर. काकांनी गावच्या सोनाराकडून वजन करून आणलं, मग पैसे दिले. अंगठीला डाग देण्याचं, म्हणजे सांधे जोडण्याचं, काम आटोपल्यावरच खडा बसवा, आच लागली तर रंग उडेल, असं सोनाराला निरोपात कळवलंय. महाराजांनी पक्की रत्ती धरली असेल तर मात्र हाच खडा पाचही भरत नाही, आणि काका पुन्हा दारात उभे राहतील.