मार खायला डुक्कर आहे

मी हंटर आहे. दिवसभर लोकांची जीएसटी रिटर्नं भरते आणि रात्री ओटा आवरून झाला की हंटर असते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळात शिरताना आधी क्लास निवडावा लागतो, म्हणजे आपलं पात्र कुठल्या पेशाचं हे ठरवावं लागतं. २००४ साली खेळ आला तेव्हा नऊ क्लास होते, आता तेरा आहेत. वॉरियर, मेज (जादूगार), प्रीस्ट, रोग (चोरटा, आजार नव्हे), आणि माझा हंटर, म्हणजे शिकारी, वगैरे. यातला सगळ्यात निवांत क्लास कोणता, यावर खेळणारे एकमेकांशी जितके भांडतात तितके राक्षसांशीही भांडत नसतील.

बहुतेकांच्या लेखी निवांत म्हणजे कमी बटणं. त्या हिशेबाने आता सगळेच क्लास निवांत झालेत. २०२५ मध्ये कंपनीने एकच बटण दाबत राहण्याची सोय दिली. पुढचा वार कुठला करायचा ते खेळच ठरवतो, बदल्यात आपला हात किंचित सावकाश चालतो. भाच्याने मोठ्या कौतुकाने दाखवलं. मला काही ते पटलं नाही. बटणं दहा असली म्हणून मी दमत नाही. आपण चुकलो की किती जणांच्या लक्षात येतं, त्याने माणूस दमतो.

डन्जनमध्ये, म्हणजे राक्षसांच्या अड्ड्यात, पाच जण जातात. एक टँक, एक हीलर आणि तिघं डीपीएस. टँक पुढे होऊन मार खातो, हीलर त्याला जगवतो आणि तिघं मागून बाण, आगीचे गोळे, जे हाताशी असेल ते मारतात. टँक थांबला की सगळे थांबतात, तो भलत्या वाटेला गेला की सगळे मरतात, आणि मग चॅटमध्ये त्याचा उद्धार होतो. एवढी जबाबदारी मला ऑफिसात पगार घेऊनही नकोशी वाटते.

हीलर मात्र मी झाले होते. "मावशी, प्रीस्ट घे ना, कोणीच घेत नाही. तुला रांगेत थांबावं लागणार नाही," असं भाचा मागेच लागला. थांबावं लागत नाही हे खरं. २००९ पासून खेळच अनोळखी पाच जणांची मोट बांधून देतो, आणि टँक-हीलर नेहमीच कमी पडत असल्याने त्यांना लगेच बोलावणं येतं. बाकीचे ताटकळतात. पण इतक्या मानाने आत जाऊन मी बघत काय होते, तर पाच जणांचा जीव किती उरलाय ते दाखवणाऱ्या पाच हिरव्या पट्ट्या. कुणाची उतरली, भर. दुसऱ्याची उतरली, भर. पंगतीत वाढणाऱ्या बाईला जेवणारे दिसत नाहीत, नुसती ताटं दिसतात, तसं. डन्जन संपल्यावर भाचा म्हणाला, "शेवटचा हॉल कसला भारी होता ना!" मी विचारलं, "हॉल होता?"

हंटरला हॉल दिसतो. आकाश दिसतं, छताची नक्षी दिसते, कारण मार खायला दुसरं कोणीतरी असतं. क्लासिकमध्ये, म्हणजे कंपनीने २०१९ साली परत आणलेल्या जुन्या आवृत्तीत, दहाव्या लेव्हलला जनावर पाळायला मिळतं. पाळायची रीत अशी: रानातलं एखादं जनावर हेरायचं आणि वीस सेकंद त्याच्यावर मंत्र टाकत जागेवर उभं राहायचं. ते वीस सेकंद जनावर आपल्याला मनसोक्त चावत असतं. आपली पट्टी अर्ध्यावर येते, पाव होते, हात मंत्रात अडकलेले, पळायची सोय नाही. मग वेळ भरते आणि तेच जनावर वळून गुमान आपल्या शेजारी उभं राहतं. झालं गेलं विसरून.

मी डुक्कर धरलं आणि नाव ठेवलं बंडू. गिल्डमधली, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या आमच्या गटातली, मंडळी हसली. त्यांच्यात मान ब्रोकन टूथला. बॅडलँड्समधलं हे मांजरकुळातलं जनावर इतरांपेक्षा भराभर चावतं, म्हणून लोक त्याच्यासाठी रात्र-रात्र टपून बसतात. बसोत बापडे. मांजराला मांस नाहीतर मासे लागतात, लांडगा मांसाशिवाय तोंड लावत नाही. डुक्कर पाव, चीज, फळं, अळंबी, मासे, मांस, काहीही खातं. आणि क्लासिकमध्ये हे खाणं फार महत्त्वाचं. जनावर खूश असलं की त्याचा मार २५ टक्के वाढतो, नाराज असलं की तितकाच घटतो, आणि फारच हेळसांड झाली तर ते चक्क सोडून जातं. बाणही विकत घ्यावे लागतात, दोनशेचा एक गठ्ठा, आणि भाता एका पिशवीची जागा अडवून बसतो. पुढच्या आवृत्त्यांत भूक आणि बाण दोन्ही काढून टाकले. माझ्या मते उगाच. लढाई संपल्यावर खाली बसून बंडूला शिळा पाव भरवणं हे काम निवांतच होतं. तिकडे कोणाचं लक्ष नसायचं.

आपल्याकडून खेळणाऱ्यांना हंटरचा आणखी एक फायदा आहे. भारतात या खेळाचा सर्व्हर नाही, त्यामुळे आपण परदेशी सर्व्हरवर. बटण दाबल्यापासून वार होईपर्यंत पिंगचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाण्या-येण्याचा, एक क्षण खर्ची पडतो. टँकला तो क्षण महागात पडतो. बंडू मात्र सर्व्हरवरच राहतो, त्याला पिंग नाही. मी अडकले तरी तो चावत असतो. आणि पावसाळ्यात लाईट गेली तर? टँकची लाईट गेली तर पाचही जण मेलेच. हंटरची गेली तर बऱ्याच वेळाने कोणीतरी विचारतं, हंटर कुठाय?

तिसाव्या लेव्हलला तर मेल्याचं सोंग घेता येतं. फेन डेथ. आडवं पडायचं, राक्षस बघतात, मेली म्हणतात आणि आपल्या जागी परत जातात. ही विद्या ऑडिटच्या वेळी उपयोगी पडली असती.

फक्त एक घोळ आहे. परवा क्लासिकमध्ये भाचा टँक होता. त्याने नको तो घोळका अंगावर ओढवून घेतला. तो मेला, प्रीस्ट मेला, मेज आणि रोगही गेले, बंडू गेला. मी शिस्तीत आडवी. राक्षस पांगले तशी उठले. इंजिनिअरिंग शिकलेली असल्याने माझ्याकडे गॉब्लिन जंपर केबल्स होत्या. मेलेल्या माणसाला झटका देऊन उठवायचं यंत्र. लागलं तर लागलं, नाहीतर अर्धा तास पुन्हा वापरता येत नाही. प्रीस्टला उठवलं की तो बाकीच्यांना उठवणार. चार मुडदे हेडफोनवर श्वास रोखून बसलेले.

"मावशी, सगळं आता तुझ्यावर आहे," भाचा म्हणाला.

केबल फुसकी निघाली. कोणी काही बोललं नाही, पण चौघंही स्मशानातून भुतं होऊन धावत परत येईपर्यंत मी उगाचच बाण मोजत बसले होते.