खिडकीची जागा

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, पण आमचे बाबा पक्के एसटीवाले. मे महिन्यात ठाण्याच्या खोपट स्टँडवरून रात्रीची गाडी. बाबा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. एकदा जागाही गेली आणि रुमालही! आईच्या पिशवीत दशम्या, लसणाची चटणी, आलेपाकाच्या वड्या. पोलादपूर सुटून कशेडी घाट लागला की धाकटा भाऊ पिवळा पडायचा. मी मात्र टक्क जागी, थरथरत्या काचेला कपाळ टेकवून. सकाळी कपाळावर काळा पट्टा. आता कशेडीला बोगदा झालाय. भाऊ खूश, मी नाही. परवा लडाखला निघाले तेव्हाही खिडकीच मागितली. सॅकमध्ये आलेपाक होताच.